एआय एक्स-रे वाचतं, मग रेसिडेंटने काय शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या विभागात छातीच्या एक्स-रेसाठी एआय बसवलंय. फिल्म उघडली की त्यावर रंगीत चौकट आणि आकडा आधीच हजर असतो. सीनियर म्हणतात, याच्या नादी लागलास तर नजर कधीच तयार होणार नाही. मित्र म्हणतात, शाखाच चुकली. या साधनाने माझं काम सुधारेल की हात बसायच्या आधीच गंजेल?"

मी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. सकाळी सोनोग्राफी, दुपारनंतर सीटी आणि एक्स-रेचं रिपोर्टिंग, रात्री आसपासच्या तालुक्यांतून येणारे स्कॅन. एआय माझ्या कॉम्प्युटरवर रोज चालू असतं, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

शाखेचा मुद्दा आधी निकालात काढू. 2016 साली एआयच्या पायाभूत संशोधकांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी टोरोंटोतल्या एका कार्यक्रमात सांगून टाकलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल, फार तर दहा लागतील. माणूस ऐरागैरा नव्हे, 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांच्याकडे आहे. पण अमेरिकेत आजही रेडिओलॉजिस्ट पुरत नाहीत, आणि आपल्याकडे तर लाख लोकांमागे जेमतेम एक असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. त्यातलेही बहुतेक मोठ्या शहरांत. आपण जरा सरसकट बोललो, हे पुढे हिंटन यांनीही मान्य केलं. यंत्र चित्र ओळखायला शिकेल हा त्यांचा अंदाज फारसा चुकला नाही. आपलं काम म्हणजे नुसतं चित्र ओळखणं, हे त्यांनी गृहीत धरलं तिथे ते घसरले. सर्जनने मागितलेला सीटी गरजेचा नाही हे त्यांना पटवणं, सोनोग्राफी बघत बघत गळवात सुई घालणं, किंवा 'पोटात दुखतंय' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवरून पेशंटला दोन प्रश्न विचारून निदान गाठणं, यातलं काहीही फिल्मवर दिसत नाही.

आता गंजण्याबद्दल. सीनियरांची भीती उगाच नाही, आणि साधनाचा फायदाही खोटा नाही. दोन्ही बाजूंना चांगला पुरावा आहे.

स्वीडनमध्ये 'मासाई' नावाची मोठी चाचणी झाली. एक लाखाहून जास्त बायकांच्या मॅमोग्राफी दोन गटांत वाटल्या. एका गटात नेहमीप्रमाणे प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्टनी वाचला. दुसऱ्यात एआयने आधी जोखमीचा आकडा दिला. कमी जोखमीची फिल्म एकानेच वाचली, जास्त जोखमीची दोघांनी, आणि संशयाच्या जागाही त्यांना दाखवल्या गेल्या. वाचनाचं काम 44 टक्क्यांनी उतरलं आणि तरी कॅन्सर 29 टक्के जास्त सापडले. विनाकारण परत बोलावलेल्या बायकांची संख्या मात्र म्हणण्यासारखी वाढली नाही. म्हणजे तयार नजरेच्या माणसाला हे साधन दिलं, तर तो थकवणाऱ्या कामातून सुटतो आणि अवघड केसवर जास्त वेळ देतो.

दुसरी बाजू जर्मनीतली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 27 रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम दिले आणि सोबत 'एआयचं मत' म्हणून कॅन्सरच्या संशयाची श्रेणी सुचवली. काही ठिकाणी ती मुद्दाम चुकीची होती. सूचना बरोबर असताना नवख्यांची उत्तरं सुमारे 80 टक्के बरोबर आली. सूचना चुकीची असताना 20 टक्के! हे डॉक्टर मूर्ख नव्हते. समोर उत्तर लिहिलेलं असलं की डोळा पुरावा शोधायचं सोडून दुजोरा शोधायला लागतो. मुरलेले लोकही सुटले नाहीत, त्यांचे 82 चे 45 झाले.

आणि तुमच्या सीनियरांना आवडेल असा तिसरा अभ्यास पोलंडचा. तो कोलोनोस्कोपीचा आहे, पण मुद्दा आपलाच. आतड्यातले अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या छोट्या गाठी, दाखवणारं एआय चार केंद्रांत आलं. त्यानंतर त्याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर अ‍ॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आलं होतं. हे सगळे शिकलेसवरलेले, हजारो तपासण्या केलेले लोक. इथे अजून नजर तयार व्हायची आहे अशा माणसाची गोष्ट चाललीये, हे ध्यानात घ्या.

या तिन्हींतून मी एकच गोष्ट उचलली, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला तीच सांगतो: एआय वापरायचं की नाही यापेक्षा ते *केव्हा* बघायचं हे महत्त्वाचं. स्वतःचं मत लिहून होण्याआधी चौकट दिसली, तर त्या फिल्मपुरतं तुमचं शिक्षण संपलं. लिहून झाल्यावर दिसली, तर तीच चौकट फुकटचा परीक्षक होते.

म्हणून पहिलं काम तांत्रिक आहे. तुमच्या पॅक्सवर, म्हणजे फिल्म साठवून दाखवणाऱ्या सिस्टिमवर, एआयचा निकाल बहुधा वेगळी सिरीज म्हणून येतो. हँगिंग प्रोटोकॉलमध्ये (स्क्रीनवर काय आधी दिसायचं त्या मांडणीत) तीच सिरीज पुढे ठेवलेली असल्यामुळे फिल्मच्या आधी चौकट दिसते. पॅक्स बघणाऱ्या माणसाला सांगून, किमान रेसिडेंटच्या लॉगिनला, मूळ फिल्म पुढे आणि एआयची सिरीज मागे असं करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. ते होत नसेल तर तुमच्या विभागात साधनापेक्षा मोठी अडचण आहे, पण तो विषय वेगळा.

मग फिल्म बघायची, नेहमीच्या क्रमाने. कॉलरबोनच्या मागची फुप्फुसांची शिखरं, हृदयाच्या मागची जागा, डायफ्रामखाली लपलेला फुप्फुसाचा भाग, हायलम (फुप्फुसात रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या शिरतात ती जागा), बरगड्या, खांदे. दोन ओळी लिहायच्या, सेव्ह करायच्या आणि मगच चौकट उघडायची. दोघांचं जुळलं तर पुढची फिल्म. जुळलं नाही तर तिथे थांबायचं, कारण दिवसभरातलं शिक्षण तिथेच आहे.

न जुळण्याचा एक नमुना जवळून बघू, कारण तो आपल्या भागात पुन्हा पुन्हा येतो. पन्नाशीची बाई, खोकला, एक्स-रे. एआयने उजव्या शिखरावर लाल चौकट मारली आहे आणि टीबीचा आकडा 0.8 च्या पुढे. शिखरावर खरोखरच एक लांबट पांढुरकी सावली आहे. घाईत 'राइट अपर झोन ओपॅसिटी' (उजवीकडे वरच्या भागात सावली) लिहून मोकळं होता येतं. पण ती सावली वरच्या टोकाने कॉलरबोन ओलांडून मानेच्या मऊ भागात शिरते. फुप्फुस तर तिथे संपलेलं असतं. मोठी करून बघितली तर आत बारीक समांतर रेघा दिसतात. ही वेणी आहे. टेक्निशियनने केस वर बांधून फिल्म पुन्हा घेतली की चौकटही गेली आणि टीबीही गेला. ज्या मुलाने आधी स्वतः बघून 'शिखर स्वच्छ, वेणीची सावली' लिहिलं त्याला हे दोन सेकंदांत कळतं. ज्याने आधी चौकट पाहिली तो वेणीतही कॅव्हिटी, म्हणजे टीबीने पडलेली पोकळी, शोधतो. अशीच गफलत ताईत, मंगळसूत्राच्या वाट्या, सेफ्टी पिन आणि स्तनाग्राच्या सावलीने होते. चांगली सॉफ्टवेअर यातलं बरंच ओळखायला शिकली आहेत, सगळं नाही.

याहून कठीण प्रकार म्हणजे जुना टीबी. वरच्या भागात फायब्रोसिस (जुने व्रण), हायलम वर ओढलेला, थोडं कॅल्सिफिकेशन (साचलेलं कॅल्शियम). एआय चौकट मारतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं, टीबीच्या खुणा आहेतच. पण आज औषधं चालू करायची का, हे आजच्या एका फिल्मवरून यंत्र सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. पेशंटच्या नातेवाइकाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची फिल्म असते, ती मागायची. सावली तशीच असेल तर घाई नाही. वाढली असेल तर बेडका तपासायला पाठवायचा. आणि पेशंट खडी क्रशरवर काम करतो का, हे विचारायचं, कारण सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हाही वरच्या भागातच बसतो आणि त्याच्यासोबत टीबीही येतो. असा प्रश्न विचारायची सवय लागणं हेच खरं कौशल्य. चौकटीमुळे ती सवय मोडत असेल तर तोटा. पण फिल्मवरची झटपट शोधाशोध यंत्राने केल्यामुळे असे प्रश्न विचारायला वेळ मिळत असेल, तर तुम्ही कालपेक्षा चांगले डॉक्टर झालात.

यंत्राच्या आंधळ्या जागाही माहीत हव्यात. आपल्या क्षेत्रात 2013 चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. फुप्फुसाच्या सीटीमध्ये गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टसमोर, स्लाइसमध्ये एक गोरिलाचं चित्र घालून ठेवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. त्यातल्या 83 टक्के लोकांना ते दिसलंच नाही. हा प्रयोग माणसाच्या नजरेच्या मर्यादेसाठी सांगितला जातो. मी तो एआयसाठीही सांगतो. छातीच्या एआयला ठरावीक खुणांची यादी शिकवलेली असते, आणि यादीबाहेरचं त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतं. फिल्मच्या कडेला दंडाच्या हाडात पोखरलेली जागा असेल, बरगडी खाल्लेली असेल, तर 'नॉर्मल' असा हिरवा शिक्का सहज येऊ शकतो. तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात ती यादी असते. ती एकदा नीट वाचा. विभागात बहुतेक कोणी वाचलेली नसते.

आता आकड्याबद्दल, कारण 0.8 म्हणजे '80 टक्के टीबी' असं समजणारे कन्सल्टंटही मी पाहिले आहेत. तो आकडा म्हणजे यंत्राचा स्वतःचा गुण. त्यावर कुठे रेघ मारायची, किती गुणांच्या पुढे 'संशयित' म्हणायचं, हे माणसं ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, त्यात मुंबईच्या क्युअर डॉट एआयचं सॉफ्टवेअरही तपासलेलं होतं. पण ही रेघ त्या त्या ठिकाणच्या लोकांप्रमाणे ठरवावी लागते. का, ते साध्या हिशेबाने बघा. अशा चाचणीकडून किमान अपेक्षा असते ती ही: खऱ्या टीबीच्या शंभरांतले 90 पकडावेत आणि टीबी नसलेल्या शंभरांतल्या 70 जणांना सोडून द्यावं.

समजा, गावच्या शिबिरात 1000 लोकांचे एक्स-रे काढले आणि त्यांत 5 जणांना टीबी आहे. यंत्र त्यांतले चार-पाच पकडेल, आणि सोबत टीबी नसलेले सुमारे 300 लोकही. तेच यंत्र, तीच रेघ, पण जागा सिव्हिल हॉस्पिटलची छातीची ओपीडी, जिथे 1000 खोकणाऱ्यांत 150 जणांना टीबी आहे. तिथे ते 135 पकडेल आणि साधारण 255 नाहक. शिबिरात लाल चौकट आलेल्या साठ-सत्तर माणसांत एक खरा पेशंट, ओपीडीत तिघांत एक. चौकट हुबेहूब तीच, अर्थ जमीन-अस्मानाचा. म्हणून रिपोर्ट लिहिताना फिल्म कुठून आली हे आधी बघायचं. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशिनं आणि एआय गावोगाव फिरलं. तिथे या साधनाचं काम निदान करणं नव्हतंच. कोणाचा बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशिनवर लावायचा, हे ठरवायचं होतं. आसपास रेडिओलॉजिस्टच नाही अशा ठिकाणी हे काम फार मोलाचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. (ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, म्हणून तालुक्याच्याही पुढे पोचलं.)

डोक्याच्या सीटीत प्रकार वेगळा. तिथे मला एआयचं मत फारसं नको असतं, त्याचा क्रम हवा असतो. रात्री वर्कलिस्टमध्ये चाळीस स्कॅन पडलेत. त्यातला एक मेंदूतल्या रक्तस्रावाचा आहे, आणि तो आलेल्या वेळेप्रमाणे तिसाव्या नंबरवर आहे. एआयने तो उचलून वर आणला की एखाद्याचा जीव वाचू शकतो. स्ट्रोकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री हवी, म्हणजे इथला प्रत्येक मिनिट पेशंटच्या खात्यातून जातो. फॉल्क्समधलं (मेंदूच्या दोन भागांमधल्या पडद्यातलं) किंवा बेसल गँग्लियातलं (मेंदूच्या आतल्या भागातलं) कॅल्सिफिकेशन रक्त म्हणून वर येतं, ते चालवून घ्यायचं. उलट मेंदूच्या बरोबरीच्याच रंगाचा, जुना होत चाललेला सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव, खाली राहून जाऊ शकतो. म्हणून वर आलं ते तातडीचं मानायचं, पण खाली राहिलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

हाडाचं वय काढणं, फ्रॅक्चर दाखवणं, एमआरआयचा वेळ कमी करणं यांतही एआय आलंय. ते वापरा, त्यावर फार विचार करायची गरज नाही. फक्त हाडाच्या वयाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा: आपण ज्या ग्रूलिच-पाइल अ‍ॅटलासशी ताडून बघतो तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून, 1930 च्या दशकातल्या एक्स-रेंवर बेतलेला आहे. कोर्टाच्या केसमध्ये यंत्राने दिलेलं दशांश चिन्हासकटचं वय जसंच्या तसं उतरवू नका.

चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या साधनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वापरत असालच. तिथे माझा सल्ला थोडा उलटा आहे. त्यांना उत्तर विचारू नका, त्यांना प्रश्न विचारायला लावा. तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ज्यांना साधं जीपीटी दिलं त्यांनी सराव झकास केला, पण परीक्षेत ते काढून घेतल्यावर ती मुलं, कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा 17 टक्के मागे पडली. ज्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारं साधन दिलं, त्या गटात हा तोटा जवळपास दिसला नाही. मी ज्युनियरांना करायला सांगतो ते असं: 'मी रेडिओलॉजीचा विद्यार्थी आहे. मिडियास्टायनममधल्या (दोन फुप्फुसांच्या मधल्या भागातल्या) गाठींवर माझी तोंडी परीक्षा घे. एका वेळी एकच प्रश्न विचार. चुकलो तर उत्तर सांगू नकोस, इशारा दे.' रात्रीच्या ड्यूटीत हा परीक्षक कधी कंटाळत नाही. त्याने सांगितलेला संदर्भ मात्र मूळ पुस्तकात उघडून बघितल्याशिवाय कुठेही लिहायचा नाही. नसलेले शोधनिबंध ही साधनं छातीठोकपणे सांगतात.

रिपोर्टची भाषा नीट करून घ्यायला, सर्जनसाठी निष्कर्ष दोन ओळींत आणायला किंवा पेशंटला समजेल अशा मराठीत लिहून घ्यायलाही ती चांगली आहेत. पेशंटचं नाव, नंबर, हॉस्पिटल यातलं काहीही तिथे टाकायचं नाही. आणि मसुदा परत आला की सगळ्यात आधी डावं-उजवं तपासायचं, मग मापं, मग 'नाही' हा शब्द जागेवर आहे का. वाक्य इतकं गुळगुळीत होऊन येतं की 'नो न्यूमोथोरॅक्स' (फुप्फुसाबाहेर हवा साठलेली नाही) यातला 'नो' गळालेला डोळ्याला खुपत नाही. रिपोर्टखाली सही तुमची असते, सॉफ्टवेअर कंपनीची नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या न जुळलेल्या केसची नोंद ठेवा. चार रकाने पुरतात: मी काय म्हटलं, एआय काय म्हणालं, खरं काय निघालं, कशावरून. 'कशावरून' म्हणजे बेडक्याचा निकाल, सीटी, बायॉप्सी किंवा सहा महिन्यांनंतरची फिल्म. सीनियरचं मत हा पुरावा नव्हे, ते स्वतः म्हणाले तरी. काही महिन्यांत त्यात आकार दिसायला लागतो. कोणाला हृदयामागचे पॅच सुटतात, कोणाला शिखरं, आणि तुमच्या विभागातलं सॉफ्टवेअर नेमकं कुठे वाहवत जातं तेही. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तारीख टाका, कारण अपडेटनंतर त्याच्या सवयी बदलतात आणि कंपनीचा माणूस ते सांगायला येत नाही. आठवड्यातला एक दिवस एआयची सिरीज अजिबात न उघडता काढा आणि त्या दिवसाच्या फिल्म दुसऱ्या दिवशी ताडून बघा. पोलंडमधल्या डॉक्टरांचं जे झालं ते तुमचं होतंय का, हे तुम्हाला लवकर कळेल.

पहिल्या वर्षाला आहात म्हणजे सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसचा आराखडा देण्याची, तारीख डोक्यावर असणार. विषय ठरला नसेल तर हाच घ्या. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाल्यावरच्या केस थिसिसमध्ये धरता येतात, म्हणून अर्ज याच महिन्यात टाका. आणि गाइडना भेटायला जाताना नोंदवही सोबत न्या.